गुडघे खचले तेव्हा

घरातलं माणूस गेलं की घास उतरत नाही, आणि उठून उभं राहायला जावं तर पाय लटपटतात. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत, १०९ व्या स्तोत्रात, प्रार्थना करणारा माणूस देवापुढे हेच मांडतो. उपासानं आपले गुडघे खचले, असं तो सांगतो.

स्तोत्र मोठं कडवट आहे. लोकांनी खोटे आरोप केलेत, प्रेमाची फेड वैरानं झाली आहे. मध्येच शापांची लांबलचक माळ येते. ते शाप त्याचे की त्याच्या वैऱ्यांचे, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. शापांचा भर ओसरला की मात्र शरीर बोलू लागतं. कलत्या सावलीसारखा सरलो, टोळासारखा झटकला गेलो, आणि मग ते गुडघे. यात अलंकार कमी, अनुभव जास्त. उपासात शरीरातली साठवलेली साखर दिवसभरात संपत येते. पुढे चरबीबरोबर स्नायूही झिजू लागतात, आणि उठता-बसताना भार पेलणाऱ्या मांड्या दुबळ्या होतात.

त्याच ओळीत ‘शेमेन’ हा हिब्रू शब्द आहे. त्याचे अर्थ दोन, चरबी आणि तेल. अंग चरबीविना वाळलं, असा अर्थ बहुतेक भाषांतरं घेतात. प्राचीन ग्रीक भाषांतरात मात्र तेल आहे, आणि मला ते सोडवत नाही. त्या कोरड्या मुलखात अंगाला ऑलिव्हचं तेल लावणं नित्याचं होतं. शोकात आणि उपासात ते थांबे. दानीएलानं तीन आठवडे मांस आणि द्राक्षारसाबरोबर तेलही वर्ज्य केलं होतं. सुतकात तेल न लावणाऱ्या आपल्या घरांना हे वेगळं सांगायला नको. योम किप्पूरच्या ज्यू उपासातही तेल वर्ज्य असतं. गंमत म्हणजे कोकणातले बेने इस्राएली ज्यू पिढीजात तेलाचे घाणे चालवीत, आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून ‘शनवार तेली’ म्हणवले जात.

याच स्तोत्रात थोडं आधी, शाप तेलासारखा हाडांत मुरतो असं म्हटलंय. तिथंही शब्द ‘शेमेन’च. तेल मुरतं ते शापाचं. उपाशी माणसाचं अंग कोरडंच.

हे स्तोत्र ज्याच्या नावावर आहे त्या दावीद राजाचं मूल आजारी पडलं, तेव्हा तो सात दिवस उपाशी, जमिनीवर पडून होता. मूल गेल्याचं सांगायची सेवकांना भीती वाटत होती. पण कळताच तो उठला, न्हायला, अंगाला तेल लावलं, देवाच्या मंदिरात जाऊन आला आणि जेवायला बसला. सेवक चकितच झाले. तो म्हणाला, मूल जिवंत होतं तोवर देवाला दया येईल अशी आशा होती. आता उपास कशासाठी?