‘आता घरी घेऊन जा’ म्हणतात तेव्हा

मोठ्या दवाखान्यातून ‘आता पेशंटला घरी घेऊन जा, सेवा करा’ असे सांगितले की नातेवाईक त्याचा एकच अर्थ घेतात : उपचार संपले. माझ्या मते हा समज घातक आहे. संपलेले असतात ते आजार बरा करण्याचे उपाय. वेदना, धाप, उलट्या, झोप न येणे यांवरचे उपाय शेवटच्या दिवसापर्यंत करता येतात. खरे तर आजार कळल्यापासूनच ते बरोबरीने सुरू व्हायला हवेत. यालाच उपशामक उपचार किंवा पॅलिएटिव्ह केअर म्हणतात.

कॅन्सरच्या वेदनेसाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये तीन पायऱ्यांची पद्धत सांगितली. आधी पॅरासिटामॉलसारखी गोळी, मग कोडीनसारखे औषध आणि तीव्र वेदनेला मॉर्फिन. मॉर्फिनचे नाव काढले की घरातले दचकतात. ‘डॉक्टर, ती अफूच ना? सवय लागेल.’ कॅन्सरच्या वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली योग्य मात्रेत घेतल्यास व्यसन लागण्याचा धोका फार कमी असतो, आणि त्याने मृत्यू लवकर ओढवत नाही. साधी गोळी बहुधा दर चार तासांनी, घड्याळ लावून द्यायची असते. दुखेपर्यंत थांबू नये. बद्धकोष्ठ जवळजवळ सर्वांनाच होतो, म्हणून पहिल्या दिवसापासून जुलाबाचे औषध जोडीला हवेच. सुरुवातीचे काही दिवस मळमळ आणि गुंगी राहते. मात्रा मनाने वाढवू नये, गोळी एकदम बंदही करू नये, आणि डबी कुलपात ठेवावी.

ही गोळी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. २०१४ मध्ये कायदा बदलून परवान्यांचा गुंता कमी झाला. मान्यताप्राप्त रुग्णालये ती ठेवू शकतात. आपल्या जिल्हा रुग्णालयात किंवा कॅन्सरवर उपचार केलेल्या रुग्णालयात चौकशी करावी.

दुसरा हट्ट सलाईनचा. ‘उपाशी कसे ठेवायचे?’ हा प्रश्न मायेचा आहे, पण अखेरच्या दिवसांत शरीरच अन्नपाणी घेईनासे होते. तेव्हा बाटल्या चढवल्या तर अंगावर सूज येते, छातीत पाणी साठून घरघर वाढू शकते. जबरदस्तीने भरवलेला घास श्वासनलिकेत जातो. ओल्या कापसाने ओठ-तोंड पुसावे. पेशंट जागा असेल आणि गिळता येत असेल तर चमचाभर चहाही चालेल.

सर्वांत अवघड जाते ते बोलणे. ‘बाबांना सांगू नका, खचतील,’ असे मुले मला दाराबाहेर गाठून सांगतात. आत बाबांना बहुतेक कल्पना असतेच! मी आधी पेशंटलाच विचारतो, ‘आजाराबद्दल तुम्हाला किती ऐकायचंय?’ कोणी ‘मुलालाच सांगा’ म्हणतो, तर त्याचा मान राखतो. पण कोणाला सातबाऱ्याचे बोलायचे असते, कोणाला रुसलेल्या भावाला भेटायचे असते. ते शुद्ध असतानाच होऊ शकते.

व्हेंटिलेटरचेही तसेच. न्यूमोनियासारख्या बऱ्या होणाऱ्या दुखण्यात तो जीव वाचवतो. शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सरला तो बरा करू शकत नाही. म्हणून आयसीयूच्या दारात ‘करा’ किंवा ‘नको’ म्हणण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा : यातून पेशंट उठून घरी येण्याची शक्यता किती?

आपली इच्छा आधीच लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी मान्य केला. जानेवारी २०२३ मध्ये रीत सोपी झाली. कोणाही सज्ञान, शुद्धीतल्या माणसाने दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन घ्यायचे. आपल्या वतीने बोलणाऱ्या विश्वासू नातेवाइकांची नावे त्यात लिहावीत. कागदामुळे कोणी परस्पर नळ्या काढत नाही. डॉक्टरांची दोन मंडळे तपासून संमती देतात, मगच पुढे जातात. एक प्रत घरच्या डॉक्टरांकडे द्या. मूळ कागद मात्र बँकेच्या लॉकरमध्ये नको, रात्री दोन वाजता हाती लागेल अशा जागी ठेवा.