चार राजधान्या, एक बस आणि आई-बाबा

‘ग्रुप टूर? ते तर रिटायर्ड मंडळींचं काम!’ ही आपल्या पिढीची टिपिकल रिअ‍ॅक्शन. सॅक पाठीला, हॉस्टेलचं बुकिंग आणि मनाला येईल तिकडे भटकंती, हाच आपला फंडा. मलाही तो पटतो. पण बाबांचे गुडघे कुरकुरत असतील, आईला स्टेशनात बॅगा ओढणं जमणार नसेल आणि तुम्हाला रजा मोजून आठच दिवस मिळणार असेल तर? मी सरळ तिघांचं बुकिंग केलं : प्राग, व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा, बुडापेस्ट. चार देश, तीन चलनं, एक बस.

बसची शिस्त मात्र कडक. युरोपियन युनियनच्या नियमानुसार साडेचार तास गाडी चालवली की ड्रायव्हरला ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते. दिवसाचं ड्रायव्हिंग ९ तास, आठवड्यातून फार तर दोनदा १०. सगळी नोंद टॅकोग्राफवर. त्यामुळे ‘पाच मिनिटं थांबा ना, शॉपिंग राहिलंय’ हे इथे चालत नाही, बॉस!

प्रागच्या जुन्या भागात मोठी बस जात नाही. दगडी फरसबंदीवरून चालायचं. १४१० सालचं खगोलीय घड्याळ बघितलं आणि बाबांनी बाक गाठला. म्हटलं, ‘आई, तू जा पुलावर, मी थांबते बाबांजवळ.’ आयुष्यात कधी एकटी न फिरलेली आई चार्ल्स ब्रिज पार करून तासाभराने परतली. चेहरा असा, की फोटो काढायचा मलाच सुचला नाही!

व्हिएन्नाच्या शॉनब्रुन राजवाड्यात १,४४१ खोल्या. पर्यटकांना दाखवतात चाळीसेक. बाबांनी मनोमन आभार मानले.

बुडापेस्टला मात्र कोच टूरची मर्यादा कळली. डॅन्यूबच्या काठावर, संसदेजवळ लोखंडी बुटांचे ६० जोड मांडलेत. १९४४-४५मध्ये अ‍ॅरो क्रॉसवाल्यांनी ज्यूंना इथे बूट काढायला लावून गोळ्या घातल्या. हे स्मारक २००५चं. आमच्या वाट्याला पंधरा मिनिटं. बाबा हलेचनात. नशिबाने संध्याकाळ मोकळी होती. दोन नंबरच्या ट्रामने आम्ही तिघं परत गेलो आणि अंधार पडेपर्यंत काही न बोलता बसलो. अख्ख्या टूरमधली माझी सगळ्यात जवळची वेळ तीच.

म्हणून बुकिंगआधी तीन प्रश्न नक्की विचारा. हॉटेल शहरात की शहराबाहेर? रोज चालायचं किती? मोकळ्या संध्याकाळी किती? शेंगेन व्हिसाची ९० युरो फी (२०२४पासून) नकार आला तरी परत मिळत नाही, तेव्हा कागदपत्रं वेळेत जमवा. बाकी हॉस्टेलं कुठे पळून जात नाहीत. आई-बाबांचे गुडघे मात्र आपल्या रजेसाठी थांबत नाहीत.