मे महिन्याची नोंदवही

हवामान बदलावर आपली शहरं काय करताहेत, असा विषय निघाला की सौर पॅनेल, इलेक्ट्रिक बस आणि कार्बन शून्यावर आणायची दूरची सालं यांचीच चर्चा होते. संपादकांनी विषय दिला तेव्हा त्यांच्याही मनात तेच असावं. मी अहमदाबादची वाट धरली ती एका नोंदवहीसाठी. जन्म-मृत्यूची नोंद प्रत्येक महापालिकेत असते. दाखला हवा असेल तरच माणूस त्या खिडकीशी जातो, एरवी तिकडे कुणी फिरकत नाही. अहमदाबाद महापालिकेनं मात्र या नोंदींमधून मे २०१० चा महिना बाहेर काढला. त्यातून २०१३ च्या उन्हाळ्याआधी जी उष्णता कृती योजना तयार झाली, ती दक्षिण आशियातल्या शहरांमधली पहिली.

२१ मे २०१० ला अहमदाबादचा पारा ४६.८ अंशांवर गेला. शहराला ऊन नवं नव्हतं. पोळ म्हणतात त्या दाट जुन्या वस्त्यांमधली घरं एकमेकांना सावली देत उभी आहेत, दुपारी रस्ते ओस पडतात, घरोघरी ताक आणि कैरीचं पन्हं असतं. उन्हाळा कडक आहे, इतकंच लोक म्हणत होते. उष्माघाताचे बळी म्हणून ज्यांची नोंद झाली ती माणसं त्या मानानं थोडीच होती. पण शहरात एरवी दिवसाला सुमारे १०० मृत्यू होतात. २१ मेच्या त्या एका दिवशी ते ३०० च्या वर गेले. सबंध मे महिन्यात ४,४६२ माणसं गेली. आदल्या आणि पुढच्या वर्षीच्या मे महिन्यांची सरासरी होती ३,११८. म्हणजे १,३४४ माणसं जास्तीची, ४३ टक्के वाढ.

हे १,३४४ जण गेले कुठे, म्हणजे कागदावर कुठे गेले, हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त खिळवून ठेवतो. उष्माघात लिहायचा तर डॉक्टरला रोगी जिवंत असताना भेटावा लागतो, अंगातला ताप मोजावा लागतो, शुद्ध हरपल्याचं दिसावं लागतं. पत्र्याच्या खोलीत दोन रात्री झोप न लागलेली सत्तरीची बाई तिसऱ्या दुपारी पडल्या जागी जाते, तेव्हा तिथे थर्मामीटर नसतो. तिला आधीपासून रक्तदाब असतो. शरीर थंड ठेवायला हृदयाला कातडीकडे जास्त रक्त ढकलावं लागतं, घामावाटे पाणी आणि मीठ जातं, रक्त दाट होतं, मूत्रपिंडावर ताण येतो. आधीच थकलेलं हृदय थांबतं, आणि दाखल्यावर हृदयविकार लिहिलं जातं. त्यात खोटं काही नाही, पण उष्णतेचा उल्लेखही नाही. असे शेकडो दाखले शहरभर विखुरले की आपत्ती आलीच नव्हती असं वाटतं. पुराचं पाणी दिसतं, भूकंपात घर पडलेलं दिसतं. उष्णतेच्या लाटेनंतर सगळं जागच्या जागी असतं.

म्हणून कारणांचा रकाना बाजूला ठेवायचा आणि रोज एकूण किती माणसं गेली तेवढंच मोजायचं. मग तो आकडा त्या दिवसाच्या तापमानाशेजारी मांडायचा. गांधीनगरच्या भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्थेत डॉ. दिलीप मावळंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, अमेरिकेतल्या काही संस्थांच्या साथीनं, नेमकं हेच केलं. पद्धत साधी आहे, महागडं यंत्र लागत नाही. लागते ती महापालिकेची आपल्याच नोंदी दुसऱ्याच्या हाती देण्याची तयारी. आपल्या शहरात एका महिन्यात हजारावर माणसं जास्त मेली, हे छापून येऊ द्यायला धीर लागतो. या महापालिकेबद्दल मला आदर वाटतो तो आधी यासाठी.

महापालिकेचा इतिहास मोठा आहे. इथे थोडक्यात सांगते. १९२४ ते १९२८ या काळात वल्लभभाई पटेल या नगरपालिकेचे अध्यक्ष होते. पुढे ते पद ग. वा. मावळंकरांकडे आलं. तेच पुढे लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले. १९९८ मध्ये राज्य सरकारच्या हमीशिवाय १०० कोटींचे रोखे काढणारी देशातली पहिली महापालिका हीच. हिशेबाची सवय या कार्यालयाला जुनीच आहे.

आता अभ्यासकांच्या आलेखाकडे वळू. तापमान आणि मृत्यू शेजारी मांडले तेव्हा दिसलं, की साधारण ४१ अंशांपर्यंत शहर तग धरतं आणि त्यापुढे मृत्यूंची रेघ वर वळते. भारतीय हवामान विभागाच्या सर्वसाधारण व्याख्येनुसार मैदानी भागात पारा ४० च्या वर आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त गेला, किंवा थेट ४५ ला पोचला, की उष्णतेची लाट. अहमदाबादेत मे महिन्यात सरासरीच ४१-४२ च्या घरात असते. त्या व्याख्येवर विसंबून राहिलं तर इशारा मिळेपर्यंत माणसं मरायला लागलेली असतात. म्हणून शहरानं स्वतःच्या मृतांवरून स्वतःच्या पायऱ्या ठरवल्या. ४१.१ पासून पिवळा, ४३.१ पासून नारिंगी, ४५ पासून लाल. दशांश चिन्हापुढच्या त्या एकामागे किती घरं आहेत, हे कळल्यावर तो आकडा सहज वाचता येत नाही.

रंग ठरवण्याचं काम महापालिकेच्या आरोग्य खात्यातला नोडल अधिकारी करतो. सुरुवातीला अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठातले शास्त्रज्ञ सात दिवसांचा अंदाज पाठवत. पुढे हवामान विभागाचे अंदाज मिळू लागले. उद्याचा आकडा हातात आला की या अधिकाऱ्याकडून निरोप सुटतो. रुग्णालयं, नागरी आरोग्य केंद्रं, १०८ ची रुग्णवाहिका सेवा, पाणीपुरवठा, बस, बागा, वर्तमानपत्रं. निरोप मिळाला की कुणी काय करायचं हे आधीच लिहून ठेवलेलं असतं. रुग्णवाहिकेत बर्फाच्या पिशव्या हव्यात, केंद्रांवर ओआरएस हवं, पाणपोया भरलेल्या हव्यात, बागांची फाटकं दुपारीही उघडी हवीत. बागेचं फाटक हा मुद्दा वाचून मी थांबलेच. आपल्याकडे बहुतेक बागा नेमक्या दुपारी बंद असतात, जेव्हा झाडाखालच्या सावलीची खरी गरज असते. एक कुलूप काढायला निधी लागत नाही. ते कुणी आणि केव्हा काढायचं, हे कागदावर असावं लागतं.

या सगळ्यात माझं मन गुंतलं ते शारदाबेन रुग्णालयाच्या गोष्टीत. सरसपूर या जुन्या गिरणीभागातलं हे महापालिकेचं रुग्णालय. २०१० मध्ये त्याचा प्रसूती वॉर्ड सगळ्यांत वरच्या मजल्यावर होता. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री ती उष्णता खाली सोडतो, आणि त्याखाली नुकती जन्मलेली बाळं. नवजात बाळाला नीट घाम येत नाही, पांघरूण दूर सारता येत नाही, तहान सांगता येत नाही. त्याला ताप चढला की पहिली शंका जंतुसंसर्गाची येते. अभ्यासकांनी तिथल्या नवजात अतिदक्षता विभागाच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं, की पारा ४२ च्या वर गेल्यावर दर एका अंशामागे उष्णतेमुळे दाखल होणाऱ्या बाळांचं प्रमाण ४३ टक्क्यांनी वाढत होतं. लाटेनंतर वॉर्ड खालच्या मजल्यावर हलवला गेला, आणि तेवढ्यानं बाळांना संरक्षण मिळाल्याचं त्याच नोंदींतून दिसलं. खाटा, पाळणे, सलाइनच्या दांड्या आणि नोंदीचे कागद जिन्यानं खाली आणले, बस्स. हवामान बदलाशी जुळवून घेणं म्हणतात ते याहून स्पष्ट मला कुठे दिसलेलं नाही.

रुग्णालयात मजला बदलता येतो. वस्तीतल्या खोलीला दुसरा मजलाच नसतो. तिथे डोक्यावर पत्रा किंवा सिमेंटचा पातळ पत्रा, आणि हात वर केला की तो हाताला लागतो. दुपारी दोन वाजता त्याला हात लावून ठेवता येत नाही. पंखा वरची तापलेली हवा खाली आणतो, म्हणून कित्येक बाया पंखा बंद करून दाराशी बसतात. पापड, अगरबत्ती, शिवण अशी कामं याच खोलीत चालतात, त्यामुळे घराबाहेर पडू नका हा सल्ला त्यांच्या काही कामाचा नाही. २०१७ मध्ये महापालिकेनं प्रायोगिक तत्त्वावर वस्त्यांमधली सुमारे ३,००० छपरं पांढरी करायला घेतली. पत्रा झाडूनपुसून घ्यायचा, गंज खरवडायचा, मग चुन्याचे हात द्यायचे. चुना धरून राहावा म्हणून त्यात फेव्हिकॉलसारखं काही मिसळतात. पांढरं छप्पर ऊन परतवतं, आणि आतली हवा दोन ते पाच अंशांनी उतरते असे अहवाल सांगतात. महिला हाउसिंग ट्रस्टसारख्या संस्था वस्तीतल्या बायकांना हाताशी धरून हेच काम करत आल्या आहेत. पाऊस चुना धुऊन नेतो, धूळ बसून पांढरा रंग मातकट होतो. दर उन्हाळ्याआधी पुन्हा शिडी लावावी लागते, आणि दर उन्हाळ्याआधी त्यासाठी कुणीतरी पैसे काढावे लागतात.

योजनेनं किती जीव वाचले? २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात योजनेआधीची २००७ ते २०१० ही वर्षं आणि नंतरची २०१४ व २०१५ यांची तुलना आहे. वर्षाला सरासरी १,१९० मृत्यू टळले, असं उत्तर आलं. हाच आकडा भाषणांत फिरतो. त्याच अभ्यासात शक्यतेची कक्षा १६२ पासून २,२१८ पर्यंत दिली आहे, तिचा उल्लेख क्वचित होतो. मला ती कक्षा महत्त्वाची वाटते. ती खालच्या टोकालाही शून्याच्या वर आहे, म्हणजे काम उपयोगी ठरलं असं मानायला आधार आहे. पण दोनच वर्षांचा तो पुरावा आहे, आणि त्यावर देशभरच्या योजनांची इमारत उभी केली गेली आहे. २० मे २०१६ ला अहमदाबादेत ४८ अंशांची नोंद झाली. कसोटी दर काही वर्षांनी वर सरकते आहे, तेव्हा मोजणीही दर काही वर्षांनी नव्यानं व्हायला हवी.

इथून पुढे मला काळजी वाटते.

पहिली काळजी पैशाची. सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च या संस्थेनं २०२३ मध्ये देशातल्या ३७ उष्णता कृती योजना वाचून काढल्या. निधी कुठून येणार याचा उल्लेख ११ योजनांत होता, आणि त्यांतल्या ८ योजनांनी संबंधित खात्यांनी आपापल्या पैशातून करावं असं सांगून विषय संपवला होता. कोणत्या वस्तीत, कोणत्या कामातल्या लोकांना जास्त धोका आहे याची रीतसर पाहणी फक्त २ योजनांनी केली होती. म्हणजे अहमदाबादचे रंग सगळ्यांनी उचलले. रंगांमागची मोजणी बहुतेकांनी सोडून दिली. दुसऱ्याच्या मृतांवरून आपल्या शहराचा आकडा ठरत नाही. नागपूर महापालिकेनं २०१६ मध्ये योजना आणली, हे चांगलंच झालं. पण नागपूरचं कोरडं ऊन आणि ठाण्याची घामट हवा यांना एकच पायरी लावता येणार नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण सोहळ्याला आलेली १४ माणसं उन्हानं दगावली. त्या दिवशी पारा चाळिशीलाही पोचला नव्हता. किनाऱ्यावर नुसतं तापमान पाहणारी योजना अशा दिवशी पिवळा रंगसुद्धा दाखवणार नाही.

दुसरी काळजी मजुरीची. दुपारी बारा ते चार बांधकाम थांबवा, असं महापालिका सांगू शकते. त्या चार तासांचे पैसे कोण देणार, हे तिच्या कागदात नसतं. अहमदाबादेतच मुख्यालय असलेल्या ‘सेवा’ या कष्टकरी बायकांच्या कामगार संघटनेनं २०२३ मध्ये गुजरातमधल्या २१,००० बायकांसाठी उष्णतेचा विमा काढून पाहिला. पहिल्या वर्षी तापमानाची ठरलेली मर्यादा ओलांडली गेली नाही आणि भरपाई मिळाली नाही. २०२४ मध्ये गुजरात, राजस्थान आणि महाराष्ट्रातल्या मिळून ५०,००० बायका त्यात आल्या आणि त्यांतल्या बहुतेकींना काही रक्कम मिळाली. एका कामगार संघटनेनं हे करावं आणि कामगार खात्यानं पाहत राहावं, हे मला पटत नाही.

तिसरी काळजी अधिकाराची. योजना आरोग्य खात्याची आहे. बांधकामाची परवानगी, काचेचे मनोरे, रस्तारुंदीतली झाडं, तलावाच्या कडेचं काँक्रीट, हे सगळं दुसऱ्या खात्यांत ठरतं. रात्री शहर थंड होऊ देणाऱ्या किंवा न देणाऱ्या गोष्टी नेमक्या त्याच आहेत. दिवसाचा पारा वाढला तरी रात्री उतार मिळाला तर शरीर सावरतं. तो मिळाला नाही की तिसऱ्या-चौथ्या दिवशी मृत्यू वाढतात. आरोग्य अधिकारी ओआरएस पाठवतो, आणि त्याच इमारतीतल्या दुसऱ्या टेबलावर वडाचं झाड तोडायची फाइल पुढे सरकते.

आणि मोजणी अजून उशिराच होते. मृत्यूची नोंद करायला कायद्यानं २१ दिवसांची मुदत आहे. त्यामुळे लाट चालू असताना नोंदवही गप्प असते आणि पावसाळा आल्यावर बोलू लागते. स्मशानभूमी आणि दफनभूमीतले आकडे रोज संध्याकाळी एकत्र केले, तर हीच वही इशारा देऊ शकेल. कोविडच्या काळात अनेक शहरांत लोकांनी खरी संख्या शोधली ती स्मशानांतूनच, त्यामुळे हे अशक्य नाही.

चंद्रपूर, अकोला आणि जळगाव या तिन्ही शहरांना महापालिका आहे, तिन्ही शहरं उन्हानं होरपळतात, आणि तिघींकडे ही वही आहे. गेल्या दहा एप्रिल-मे महिन्यांत रोज किती माणसं गेली, हे तापमानाशेजारी मांडायला एक संगणक, आकडेमोड जाणणारा एक माणूस आणि आयुक्तांची एक सही पुरेल. पुढचा मार्च यायच्या आत हे आकडे त्यांनी शहरासमोर ठेवावेत, अशी माझी मागणी आहे.