डबा आधी बोलतो!

पाव किलो गवार, मेथीची जुडी, थोडी कोथिंबीर. मंडईतल्या मावशींचा क्यूआर स्कॅन केला, पिन टाकला आणि माझा नवाकोरा ५जी फोन चकती गरगर फिरवत बसला. तेवढ्यात टोपलीमागून खणखणीत आवाज आला, ‘पंच्याऐंशी रुपये मिळाले!’ मावशींनी पिशवी पुढे केली. फोन अजून विचारच करत होता.

त्या बोलक्या डब्याच्या पोटात स्वतःचं सिमकार्ड असतं, आणि त्यातले कितीतरी डबे अजून २जी किंवा ४जीवरच चालतात. ‘पैसे आले’ हा निरोप असा केवढा? चिठ्ठी पोचवायला सायकल पुरते, ट्रक कशाला? जाता जाता सांगतो, माणसांचा मोबाइल नंबर १० आकडी. यंत्रांनी यंत्रांशी बोलायच्या सिमसाठी मात्र भारतात १३ आकडी मालिका ठेवली आहे. त्यांचा नंबर पाठ करायची वेळ कुणावर येत नाही, म्हणून बरं.

मग पैसे देण्याघेण्यातली ही क्रांती केली ती कुणी? माझ्या मते वेगाने थोडी, स्वस्ताईने जास्त. २०१६ हे वर्ष बघा. ११ एप्रिलला यूपीआयची घोषणा, ५ सप्टेंबरला जिओचं ४जी आणि तेही सुरुवातीला फुकट, ८ नोव्हेंबरच्या रात्री हजार-पाचशेच्या नोटा बाद. तिन्ही पत्ते एकाच डावात पडले! ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयने एका महिन्यात २,००० कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला. पण फार फुशारकी नको. केनियात मार्च २००७ पासूनच एम-पेसा आहे, तिथे लोक साध्या बटणांच्या फोनवरून पैसे पाठवू लागले होते. यूपीआय जन्माला यायला तेव्हा नऊ वर्षं बाकी होती.

आता मराठी माणसाचं एक जुनं दुखणं. एका एसएमएसमध्ये रोमन अक्षरं मावतात १६०, देवनागरी फक्त ७०. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, इतकंच काय, अक्षराचा मोडलेला पायसुद्धा वेगळा मोजला जातो. ‘लक्ष्मी’ दिसते दोन अक्षरी, फोनच्या हिशेबात सात. ‘दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा’ एवढं म्हणताच २७ घरं भरतात. उरलेल्या ४३मध्ये बसवा समस्त परिवाराची नावं! सत्तरी ओलांडली की दोन मेसेजचे पैसे. मग लोकांनी रोमन लिपीत मराठी लिहायला घेतली नसती तरच नवल. डेटा स्वस्त झाला, व्हॉट्सॲप आलं आणि अक्षरांची मोजदाद संपली. त्याचा परिणाम फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी सहा वाजता दिसतो.

अंगणात ५जी आणि माजघरात शुकशुकाट, असं का होतं? लहरींची लांबी आजीच्या मापात मोजून बघा. ७०० मेगाहर्ट्झची लहर साधारण एक हात लांब, म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. आपलं बरंचसं ५जी ज्या साडेतीन गिगाहर्ट्झच्या आसपास चालतं, तिथली लहर चार बोटांहून जरा मोठी. आणि २६ गिगाहर्ट्झची? टपोऱ्या काबुली चण्याएवढी! चणा वेगाला पक्का, पण भिंतीपुढे हात टेकतो. भिंतच कशाला, झाडाची पानं नि फोन धरलेला आपला तळहातही त्याला आडवे येतात.

५जीमधला ‘जी’ आदरार्थी नाही. तो पिढीचा. आणि या पिढीच्या बारशाला भलतीच घाई झाली होती. दक्षिण कोरियाने मुहूर्त धरला होता ५ एप्रिल २०१९चा. अमेरिकेतली कंपनी आधी उडी मारणार अशी कुणकुण लागली, तेव्हा ३ एप्रिललाच रात्री ११ वाजता सेवा सुरू करून टाकली. अमेरिकेवर मात केली ती अवघ्या काही तासांनी.

लहरींचा रस्ता दोन्ही दिशांना सारखा नसतो, हेही लक्षात ठेवा. ५जीचा बराचसा वेळ आपल्याकडे माल आणण्यात जातो. आपण वर पाठवतो त्याला वाटा कमी. रील बघणाऱ्याला ठीक आहे. पण १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, आणि सातबाऱ्यावरच्या नोंदीसाठी शेतकरी बांधावर उभा राहून पिकाचा फोटो काढून ‘वर’ पाठवतो. त्याला विचारा रेंज म्हणजे काय ते.

आणि ‘वायरलेस’ हा शब्द तर शुद्ध थाप! बिनतारी असतो तो फोनपासून टॉवरपर्यंतचा, फार तर त्यापुढचा थोडासा टप्पा. पुढे कुठे ना कुठे काचेच्या तारा लागतातच, आणि परदेशी जायचं तर समुद्राच्या तळावरून. यातल्या कितीतरी केबल वर्सोव्याच्या किनाऱ्यावर वर येतात, जिथे कोळ्यांच्या होड्या लागतात तिथेच. जानेवारी २००८मध्ये इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ केबल तुटल्या आणि इथे भारतात नेट लंगडायला लागलं.

शेवटी मिस्ड कॉल. ३१ जुलै १९९५ला पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीत तेव्हाचे दूरसंचारमंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल लावला. तेव्हा बोलण्याचा दर मिनिटाला १६ रुपयांपर्यंत होता, आणि पुढे २००३पर्यंत आलेला कॉल उचलला तरी पैसे कापले जायचे. म्हणून एक रिंग म्हणजे ‘पोचलो’, दोन म्हणजे ‘खाली ये’. मार्च २०२२मध्ये साध्या फोनसाठी यूपीआय १२३पे आलं. त्यात दुकानातल्या नंबरवर मिस्ड कॉल द्यायचा, तिकडून फोन येतो, पिन दाबायचा, पैसे गेले. पैसे वाचवायला निघालेला मिस्ड कॉल आता पैसे देतो!

आमच्या आत्याला हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, ‘म्हणजे आलेला फोन आता उचलायचा? इतकी वर्षं नको नको म्हणत होतात ते?’