सरकीच्या लवेपासून गोळीच्या आवरणापर्यंत

गेवराई तालुक्यात वेचणीचा हंगाम आला की कापसाने भरलेली वाहने जिनिंगकडे जाऊ लागतात. तेथे रुई वेगळी होते. सरकीवर मात्र आखूड तंतूंची लव उरते. तेलगिरणीत यंत्राने काढलेल्या या लवेस लिंटर म्हणतात. कार्पासास्थि आपणांस तैलकल्पनेतून परिचित आहे. या लवेपासून होणाऱ्या सेल्युलोज ईथरांचा परिचय मात्र थोडा आहे.

शुद्ध केलेली लव म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. लाकडाच्या लगद्यापासूनही ते मिळते. ते पाण्यात विरघळत नाही. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ते फुगवून त्यावर मोनोक्लोरोॲसिटिक आम्लाची क्रिया केली की सीएमसी तयार होते. मिथाइल क्लोराइड व प्रोपिलीन ऑक्साइड यांच्या क्रियेने एचपीएमसी मिळते. पुढे क्षार धुऊन, वाळवून व दळून पांढरी पूड करतात. भूल देण्याच्या ईथरशी याचा संबंध नाही. येथे ईथर हे रासायनिक बंधाचे नाव आहे.

भिंतीची पुट्टी, कपडे धुण्याची पावडर, आइस्क्रीम, डोळ्यांचे थेंब अशा अनेक ठिकाणी ही द्रव्ये वापरली जातात. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे गोळीचा बंधक, तिचे आवरण आणि शाकाहारी कॅप्सूल. जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून होते. म्हणून शाकाहारी रुग्णाने विचारल्यास वैद्यास उत्तर देता आले पाहिजे.

तथापि मूळ वनस्पतिज असले तरी हे द्रव्य बाभळीच्या डिंकासारखे निसर्गसिद्ध नव्हे. ते शरीरात शोषले न जाता मलावाटे बाहेर पडते, म्हणून त्यास विष म्हणणेही अयोग्य. औषधे व प्रसाधने नियमांतील नियम १६९ आयुर्वेदीय औषधांतील अनुमत साहाय्यक द्रव्यांविषयी आहे; उत्पादकाने तो पाळावाच लागतो.

स्वतः गुटी करणाऱ्या वैद्यांनी दोन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. पहिली, औद्योगिक प्रतीच्या सीएमसीत मीठ व अन्य क्षार राहतात. औषधी प्रतीचेच घ्यावे. दुसरी, एचपीएमसी उकळत्या पाण्यात विरघळत नाही. गरम पाण्यात पसरवून मग थंड करावे, म्हणजे गुठळ्या होत नाहीत.

औषधाच्या मूळ द्रव्यांची जितकी चिकित्सा आपण करतो, तितकीच त्याच्या आवरणाचीही करावी. रुग्ण दोन्ही गिळतो.