जाहीरा प्रेमकथानक (बाल्डर्स गेट २)

जाहीरा प्रेमकथानक हे बायोवेअर या कॅनेडियन कंपनीने तयार केलेल्या 'बाल्डर्स गेट २: शॅडोज ऑफ आम्न' (२०००) या भूमिकाधारित व्हिडिओ गेममधील एक ऐच्छिक उपकथानक आहे. खेळाडूने घडवलेला नायक आणि त्याची साथीदार जाहीरा यांच्यात हळूहळू निर्माण होणारे नाते हा त्याचा विषय होय. याच खेळात एरी, व्हिकोनिया आणि अनोमेन या साथीदारांचीही प्रेमकथानके आहेत. जाहीरा मात्र नुकतीच विधवा झालेली आहे, आणि तिचा पती खेळाडूच्या परिचयाचा आहे. त्यामुळे हे कथानक इतरांहून वेगळे ठरते.

पार्श्वभूमी

जाहीरा ही टेथिर देशातील अर्ध-एल्फ स्त्री आहे. यादवीत आईवडील गमावल्यावर ड्रुइडांनी, म्हणजे निसर्गपूजक पुरोहितांनी, तिला वाढवले. पुढे ती 'हार्पर' या गुप्त संघटनेत आली. १९९८ मधील पहिल्या 'बाल्डर्स गेट'मध्ये ती आणि तिचा पती खालिद नायकाला फ्रेंडली आर्म या सराईत भेटतात. खालिद अडखळत बोलणारा, भिडस्त योद्धा आहे. जाहीरा फटकळ आणि निश्चयी आहे. हे जोडपे एकत्रच तुकडीत येते. दोघांपैकी एकाला काढले तर दुसराही निघून जातो. त्यामुळे ज्याने पहिला भाग खेळला आहे, त्याने या दोघांबरोबर अनेक तास प्रवास केलेला असतो.

दुसऱ्या भागाच्या आरंभी नायक आयरेनिकस या जादूगाराच्या तळघरात कैद असतो. जाहीराही तेथेच पिंजऱ्यात आहे. सुटकेनंतर ती खालिदचा शोध घेते आणि तिला त्याचा विटंबना केलेला मृतदेह सापडतो. या खेळात मृत साथीदारांना मंत्राने जिवंत करता येते, म्हणून तोच उपाय खालिदसाठी का नाही, हा प्रश्न खेळाडूच्या मनात येणारच. देहाची इतकी विटंबना झाली आहे की तो मार्ग उरलेला नाही, असे उत्तर लेखकांनी जाहीराच्याच तोंडी घातले आहे. खेळाच्या नियमाने मृत्यू पुसला जाऊ नये यासाठी केलेली ही योजना कथेच्या दृष्टीने आवश्यक होती.

कथानक

नायक पुरुष असेल आणि काही ठरावीक वंशांपैकी असेल तरच हे उपकथानक सुरू होते. ठरावीक काळाने जाहीरा आपणहून बोलू लागते आणि खेळाडू दिलेल्या उत्तरांतून एक निवडतो. सुरुवातीचे संवाद शोकाचे आणि अपराधभावाचे आहेत. घाईचे किंवा उथळ उत्तर दिल्यास कथानक कायमचे बंद पडू शकते, आणि खेळ त्याची सूचना देतोच असे नाही. संवादांची वेळ खेळाडूच्या हाती नसल्याने ते कधी एखाद्या भुयारात, नुकत्याच संपलेल्या लढाईनंतरही सुरू होतात; त्याचा परिणाम क्वचित विनोदी होतो.

मध्यंतरी प्लॉयर हा उमराव जुन्या वैरातून जाहीराला शाप देतो आणि ती क्षीण होत जाते. त्याहून महत्त्वाचा प्रसंग हार्परांचा आहे. नायक हा बाल या मृत हत्यादेवाचा वंशज असल्याने गॅल्वरे हा हार्पर त्याला बंदिस्त करू पाहतो. जाहीरा नायकाची बाजू घेते, संघर्षात गॅल्वरे मारला जातो आणि ती आपल्याच संघटनेत द्रोही ठरते. पुढे तिचा जुना गुरू डर्मिन तिच्या मागावर येतो. ज्या संघटनेसाठी तिने आणि खालिदने आयुष्य वाहिले, तिच्याशीच येथे फारकत होते. प्रेमकथेचे खरे वजन या निवडीत आहे, प्रेमालापांत नाही.

संस्कृत नाट्यशास्त्रात मुख्य कथेला साहाय्यक होऊन दूरवर चालणाऱ्या उपकथेला 'पताका' म्हणतात. 'मृच्छकटिक'मध्ये मदनिकेला दास्यातून सोडवण्यासाठी शर्विलक चारुदत्ताच्या घरी चोरी करतो आणि त्या चोरीचे धागे मुख्य कथेत गुंततात. जाहीराचे कथानक मात्र वगळले तरी मुख्य कथा अडत नाही. ऐच्छिकतेची ही किंमत या प्रकारच्या खेळांतील बहुतेक प्रेमकथानकांना मोजावी लागते.

आक्षेप आणि उत्तरकाळ

पतीच्या मृत्यूनंतर इतक्या लवकर नवे नाते जुळणे अप्रशस्त वाटते, हा या उपकथानकावरील नेहमीचा आक्षेप आहे. तो निराधार नाही; खेळातील दिवस मोजले तर अवधी खरोखरच थोडा भरतो. मात्र हा अवघडलेपणा संहितेने लपवलेला नाही. जाहीरा स्वतःच तो पुन्हा पुन्हा बोलून दाखवते. 'थ्रोन ऑफ बाल' (२००१) या विस्तारात तर प्रेमसंबंध जुळलेला असल्यास खालिदचे रूप घेतलेली छाया तिच्यासमोर उभी राहते आणि तिला दोष देते.

लॅरियन स्टुडिओजच्या 'बाल्डर्स गेट ३' (२०२३) मध्ये जाहीरा शंभराहून अधिक वर्षांनी पुन्हा साथीदार म्हणून येते. तेथे तिचे प्रेमकथानक नाही. दत्तक मुलांचे घर आहे, आणि त्या घराखालील गुप्त तळघरात 'खालिदची भेट' नावाचे एक गळ्यात घालायचे ताईत सापडते.