फितरा माणशी, रेशनही माणशी

रमजानचा शेवटचा आठवडा आला की मुस्लिम घरांतून फितऱ्याचा हिशेब सुरू होतो. जकात साठलेल्या मालमत्तेवर असते, शेकडा अडीच. फितरा मात्र माणशी. घरात सहा माणसे असतील तर सहा फितरे; पाळण्यातल्या बाळाचाही एक, तो बापाने भरायचा. मोजमाप धान्याचे, पण बहुतेक जण आता त्याची किंमत देतात. ईदच्या नमाजाआधी ती गरिबाच्या हाती पडावी, त्याच्याही घरी त्या दिवशी शीरखुर्मा शिजावा, एवढाच हेतू.

माणशी मोजणी म्हटली की रेशनकार्ड आठवते. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबांना महिन्याला माणशी 5 किलो धान्य दिले. लहान मूलही तिथे पूर्ण एक माणूस धरले जाते. लेकुरवाळ्या घराला हा मोठाच आधार. कोरोनाकाळात त्यावर आणखी 5 किलो मोफत मिळू लागले. मधला थोडा खंड सोडला तर डिसेंबर 2022 पर्यंत मिळत राहिले. जानेवारी 2023 पासून सगळेच रेशन मोफत झाले आणि त्याचे कौतुकही झाले. जादाचे 5 किलो मात्र तेव्हाच बंद झाले. पाच माणसांच्या घराचा हिशेब मांडून पाहा. आधी 50 किलो, आता 25. गहू 2 रुपये, तांदूळ 3 रुपये किलो होता. म्हणजे वाचले फार तर पाऊणशे रुपये. कमी झालेले 25 किलो आणायचे बाजारभावाने!

मिळते तेही नाव कार्डावर असेल तर. शहरी भागात प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 59 हजार ठरली होती, म्हणजे महिन्याला पाच हजारांच्या आत. एवढ्यात कोणाचे घर चालते? त्यात मुलाचे नाव चढवायला गेले की ‘इष्टांक भरला आहे’ असे ऐकू येते. तो इष्टांक 2011 ची लोकसंख्या धरून ठरला. त्यानंतर जन्मलेली मुले आता हायस्कुलात आहेत.

इष्टांक वाढवणे सरकारच्याच हाती आहे. पण कितीतरी नावे नुसत्या कागदांसाठी अडलेली असतात. फितरा गोळा करणारी मुले मोहल्ल्यात घरोघर फिरतातच. त्यांनी यंदा वहीत एक रकाना वाढवावा: कार्डावर नाव नसलेली मुले किती, आणि जन्मदाखला, आधार यांपैकी काय कमी आहे. शेजारच्या आळीतही विचारून यावे.